विष कापणारी कात्री

थंडीत आंब्याला मोहोर आला की कुडाळ तालुक्यातल्या आमच्या पिंगुळीच्या आसपासही तुडतुड्यांवर फवारणी सुरू होते. पुढे कधीतरी तेच औषध लागू पडेनासे होते आणि बागायतदार म्हणतो, ‘औषधात भेसळ आहे.’ दर वेळी तसेच असते असे नाही, मंडळी. किड्याच्या अंगातही विष मोडणारी एक कात्री असते. तिला विकर म्हणतात, म्हणजेच एन्झाइम.

डीडीटी किडे मारते, हे १९३९ मध्ये पॉल म्यूलर यांना समजले. १९४८ साली त्यांना नोबेल मिळाले. १९५३ मध्ये आपल्याकडे मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारले गेले. त्याच सुमारास अमेरिकेत, डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाशीत शास्त्रज्ञांना एक विकर सापडले. ते डीडीटीच्या रेणूतून हायड्रोजन आणि क्लोरीनचा एकेक अणू काढून टाके. उरलेल्या पदार्थाने माशी मरत नसे. ज्या थोड्या माश्यांत हे विकर मुळातच जास्त होते त्या वाचल्या, आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढली.

डीडीटीनंतर फॉस्फरसयुक्त औषधे आली. ती किड्याच्या नसांचे काम बिघडवतात, माणसाच्याही. पण मातीने त्यांच्यावरही उपाय काढला. फिलिपाइन्समधल्या भातखाचरांत डायझिनॉन हे औषध वापरत. तिथे मिळालेला, ते मोडणारा जिवाणू सेतुनाथन आणि योशिदा या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये जगापुढे आणला.

आपल्या रक्तातही असे एक विकर आहे, पॅराऑक्सोनेज. मात्र ते सर्वांत सारखे नसते. माणसामाणसांत त्याच्या ताकदीचा फरक कित्येक पटींचा असतो आणि तान्ह्या मुलात ते मोठ्यांपेक्षा बरेच कमी असते. किड्याच्या वर्षभरात अनेक पिढ्या होतात. माणसाची एक पिढी व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. म्हणून डोस वाढवण्याच्या शर्यतीत किडा तरतो, फवारणारा मागे पडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले.

तेव्हा औषध लागू पडेना, तर दुप्पट मात्रा ओतण्याआधी कृषी विद्यापीठाला विचारावे. फवारणाऱ्या गड्याला हातमोजे आणि तोंडाला मुसके द्यावे, वाऱ्याच्या तोंडी उभे करू नये. आणि त्या दिवशी पोरांना बागेत नेऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)