रेडॉक्स समीकरणांचे संतुलन (अम्लीय विद्रावात)

ऑक्सिडीभवन व क्षपण एकाच वेळी घडणाऱ्या विक्रियेत अणूंची संख्या आणि विद्युत् भार दोन्ही बाजूंना सारखे करण्याची रीत. गोव्यातील डिचोली व सत्तरी तालुक्यांत सापडणाऱ्या लोहखनिजात लोह किती, हे ठरवणारे डायक्रोमेट अनुमापन हे तिचे उत्तम उदाहरण होय. खनिज हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळवून त्यातील फेरिक लोहाचे स्टॅनस क्लोराइडाने फेरसमध्ये क्षपण करतात; मग ब्युरेटमधून पोटॅशियम डायक्रोमेटाचा विद्राव थेंबाथेंबाने सोडतात. दर्शकाचा जांभळा रंग टिकला की अनुमापन संपले.

समीकरण जुळवताना विक्रिया दोन अर्ध्या भागांत लिहावी. डायक्रोमेट आयनापासून २ क्रोमिक आयन बनतात. त्यातील ७ ऑक्सिजन अणूंसाठी उजवीकडे पाण्याचे ७ रेणू, त्यांच्या हायड्रोजनासाठी डावीकडे १४ हायड्रोजन आयन आणि भारासाठी डावीकडेच ६ इलेक्ट्रॉन मांडावे लागतात. फेरस आयन एकच इलेक्ट्रॉन देतो, म्हणून दुसरा भाग ६ ने गुणावा. बेरजेत इलेक्ट्रॉन उडतात आणि दोन्हीकडे भार +२४ येतो. अणू जुळले म्हणून थांबू नये. भाराचा ताळा हीच खरी कसोटी. १ मोल डायक्रोमेट ६ मोल लोहाशी विक्रिया करतो, आणि खनिजातील लोहाची टक्केवारी याच गुणोत्तरावरून काढतात.