सर सलामत तो… : कृष्णेचा पूर, भोपळा आणि पाण्यातलं हेल्मेट

कानात इअरफोन असेल तर आवाज थोडा कमी करा, आणि गाडीवर असाल तर आधी बाजूला थांबा. आजचा विषयच डोक्याचा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून ठेवलाय. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत.

सुरुवात आपल्या पलूसपासून करू. पलूस म्हटलं की बाहेरच्या माणसाला द्राक्षं आठवतात, नाहीतर किर्लोस्करवाडी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखान्याची वसाहत उभी केली, ती ही वाडी. पण तालुक्याचा अर्धा जीव नदीत आहे. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, नागठाणे, आमणापूर, ब्रह्मनाळ ही सगळी कृष्णाकाठची गावं. औदुंबरच्या दत्ताला भिलवडीकडून जायचं तर नावेतून जायचं, हे कित्येक पिढ्यांनी केलंय. येरळा नदी कृष्णेला मिळते ती ब्रह्मनाळला.

आणि ब्रह्मनाळ म्हटलं की आपल्या भागात सगळे क्षणभर गप्प होतात.

8 ऑगस्ट 2019. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट धरतात. त्या पुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला वेढा पडला होता. माणसं बाहेर काढणारी एक बोट उलटली. बोटीत जागेपेक्षा जास्त माणसं होती आणि लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. पहिल्या दिवशी नऊ मृतदेह मिळाले, नंतर आकडा 17 वर गेला. त्यात बायका आणि लहान मुलं जास्त होती.

आता याच वर्षातली दुसरी गोष्ट. जानेवारी 2019. पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली आणि त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. काही जण हेल्मेटऐवजी पुणेरी पगडी घालून आले. आपल्याकडे म्हण आहेच, सर सलामत तो पगडी पचास. डोकं शाबूत असेल तर पगड्या पन्नास मिळतील. गंमत बघा, म्हण डोकं वाचवायला सांगते आणि आपण पगडीच वाचवायला निघालो!

एकाच वर्षातल्या या दोन बातम्यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. जीव वाचवणारी वस्तू समोर असताना माणूस ती घालत का नाही? आणि शेवटी घालायला लागतो तो कधी? आजचा इतिहास याच प्रश्नाचा आहे.

भोपळा, सांगड आणि काहील

आपल्याकडे पाण्यातलं संरक्षण नव्हतंच, असं समजू नका. आजोबांना विचारा पोहायला कसं शिकलात, ते सांगतील, पाठीला वाळका भोपळा बांधून. दोन भोपळे बांधले की झाली सांगड. त्यावर पोट टेकून माणूस नदी पार करायचा. पुढे भोपळ्याची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली, मग ट्रकच्या ट्यूबने. आणि पुरात? गूळ करायची काहील! उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई कोल्हापूर-सांगली पट्ट्यात पुराच्या पाण्यात होडीसारखी वापरली गेलीये.

या सगळ्यात विज्ञान एकच. आत हवा असलेली हलकी वस्तू अंगाला बांधा, म्हणजे बुडणार नाही. पण भोपळा पाठीवर असतो. त्यामुळे शुद्ध हरपली तर तोंड पाण्यात जातं. भोपळा शरीर तरंगत ठेवतो, श्वास चालू ठेवेलच असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

व्हिटबीचा एकटा वाचलेला माणूस

इंग्लंडमध्ये 1854 साली कॅप्टन जॉन रॉस वॉर्ड यांनी बुचाच्या तुकड्यांचं जॅकेट तयार केलं. समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जाणाऱ्या लाइफबोटीच्या खलाशांसाठी. जॅकेट जाडजूड होतं, घालून वल्हं मारायला अवघड वाटायचं. नवीन वस्तूला नाकं मुरडणारे लोक तिकडेही होतेच.

9 फेब्रुवारी 1861. व्हिटबी नावाच्या बंदरात भयंकर वादळ. तिथली लाइफबोट त्या दिवशी पुन्हापुन्हा समुद्रात गेली आणि जहाजांवरची माणसं काढून आणली. शेवटच्या फेरीत मोठ्या लाटेने बोटच उलटली. बोटीत 13 जण होते, 12 बुडाले. वाचला एकटा हेन्री फ्रीमन. आणि ते नवीन बुचाचं जॅकेट अंगात असलेलाही तो एकटाच होता.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गावाने हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्या जॅकेटबद्दल वाद घालायला फारसं काही उरलं नाही. पण मंडळी, किंमत बघा. वस्तू तयार होऊन सात वर्षं झाली होती. पटायला 12 माणसं जावी लागली.

डोक्याची पाळी उशिरा आली

छातीला जॅकेट आलं. डोक्याचं काय? हा धडा पाण्याआधी रस्त्यावर गिरवला गेला.

मे 1935 मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदू-शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास सुरू केला आणि 1941 साली हेल्मेटचं महत्त्व सांगणारा शोधनिबंध छापला. युद्धकाळात सैन्यातल्या स्वारांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. सामान्य ब्रिटिश नागरिकासाठी मात्र कायदा झाला 1973 मध्ये. मध्ये 32 वर्षं! आपल्याकडे 1988 च्या मोटर वाहन कायद्यात हेल्मेट आहे, तरी 2019 मध्ये आपण पगडी घालून मोर्चा काढतोय. तेव्हा पुणेकरांना फार हसू नका, सगळं जग याच वाटेने गेलंय.

पाण्यात हेल्मेट आणलं ते खळाळत्या नद्यांमधल्या कयाकवाल्यांनी. कयाक म्हणजे एकट्याने बसायची निमुळती होडी. ती उलटली की माणूस त्यातच अडकून खाली डोकं, वर पाय असा वाहतो. आणि खाली दगड! सुरुवातीला या लोकांनी दुसऱ्या खेळांची हेल्मेटं उसनी घेतली, मग स्वतःची बनवली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कयाक स्लॅलम हा प्रकार पहिल्यांदा आला. त्यासाठी जवळच्या ऑग्सबुर्ग शहरात काँक्रीटचा कृत्रिम खळाळ बांधला होता. तिथे खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट होतं. काँक्रीटवर डोकं आपटायची हौस कुणाला असणार?

समुद्रात लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांनी मात्र बरीच वर्षं हेल्मेट टाळलं. कारण आपल्या ओळखीचंच, बरं दिसत नाही. डिसेंबर 2023 मध्ये ब्राझीलचा जुआंव चियांका हवाईच्या पाइपलाइन या प्रसिद्ध लाटेवर पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. काही महिन्यांनी, 2024 च्या ऑलिंपिकमध्ये, ताहितीच्या तेआहुपोओच्या लाटेवर तोच खेळाडू हेल्मेट घालून उतरला. जगातल्या सगळ्यात धोकादायक लाटांपैकी ती एक, खाली धारदार प्रवाळ. त्याला कुणी भित्रा म्हटलं का?

मुळशीचं पाणी, कोलाडचं हेल्मेट

आता परत महाराष्ट्रात. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाण्यातलं हेल्मेट पहिल्यांदा घातलं ते कोलाडला, कुंडलिका नदीवर राफ्टिंग करताना. त्या नदीत उन्हाळ्यातही खळाळतं पाणी कुठून येतं, विचार केलाय?

ते मुळशीचं पाणी आहे. टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतलं तेव्हा 1921 मध्ये मावळातले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले. लढा हरला, गावं बुडाली, धरण झालं. ते पाणी घाट उतरून कोकणात भिरा वीजकेंद्रात जातं. हे केंद्र 1927 साली सुरू झालं. वीज तयार झाली की पाणी कुंडलिकेत सोडतात, आणि सकाळी त्याच पाण्यावर रबरी राफ्ट निघतात. म्हणजे आपण सेल्फी काढत ज्या लाटांवर उड्या मारतो, त्या लाटांमागे शंभर वर्षांपूर्वी बुडालेली गावं आहेत. पाण्याला इतिहास असतो, मंडळी.

कोलाडला गाइड राफ्टमध्ये बसवण्याआधी जे सांगतो ते नीट ऐका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट, एखाद-दुसरं बोट जाईल इतकाच. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो आणि प्रवाह वरून दाबतो. उताणं तरंगा, पाय वाहत्या दिशेला पुढे. म्हणजे दगड आलाच तर आधी पायाला लागेल.

आणि डोक्याला लागला तर? साधं गणित करू. पाणी सेकंदाला तीन मीटर धावतंय, म्हणजे ताशी जवळपास 11 किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं. पण त्या वेगाने पळत जाऊन भिंतीवर डोकं आपटा, मग कळेल. जमिनीवर भोवळ आली तर माणूस खाली पडतो, लोक पाणी मारतात, तो उठून बसतो. पाण्यात भोवळ आली तर? तोंड पाण्यात गेलं की हातात फक्त काही मिनिटं असतात. आठवतोय तो भोपळा? शरीर तरंगतंय, पण शुद्ध नाही. म्हणून जॅकेट आणि हेल्मेट ही जोडी आहे. जॅकेट तरंगत ठेवतं, हेल्मेट शुद्धीवर ठेवतं.

एक प्रश्न हमखास येतो, गाडीचं हेल्मेट चालेल का? नाही चालणार. गाडीच्या हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर एका मोठ्या धक्क्यासाठी बनवलेला असतो, तो एकदा चेपला की काम संपलं. शिवाय ते जड असतं आणि आत पाणी भरलं की बादलीसारखं मानेला ओढतं. पाण्याच्या हेल्मेटला पाणी निघून जायला भोकं असतात आणि आतला फोम पुन्हापुन्हा धक्के सोसणारा असतो. युरोपात त्यासाठी ईएन 1385 असं वेगळं मानक आहे. राफ्टिंगला गेलात तर हेल्मेटच्या आत हा आकडा शोधा.

मग ब्रह्मनाळला हेल्मेटने काय झालं असतं?

हा प्रश्न मी टाळणार नाही. प्रामाणिक उत्तर असं की तिथे पहिली गरज हेल्मेटची नव्हती. पहिली गरज होती बोटीत मोजकी माणसं बसवण्याची आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असण्याची. सांगलीत संथ पाण्यात होड्यांच्या शर्यती होतात, तिथेही आधी जॅकेट. हेल्मेटचा क्रम तिथे येतो, जिथे पाणी धावतं आणि पाण्यात आदळण्यासारखं काही असतं.

पण मग पुराचं पाणी आठवा. ते संथ असतं का? त्यात झाडं वाहून येतात, पत्रे येतात, पाण्याखाली कुंपणाच्या तारा आणि गोठ्याच्या भिंती असतात, डोक्याच्या उंचीवर विजेच्या तारा येतात. एनडीआरएफचे जवान बोटीत हेल्मेट घालून बसतात ते फोटोसाठी नाही. आणि आपली गावातली पोरं? पूर आला की पहिली तीच पाण्यात उतरतात, उघड्या डोक्याने. जवान येईपर्यंत निम्मी माणसं त्यांनीच काढलेली असतात. कृष्णाकाठचं पोरगं पाण्याला भीत नाही, हा आपला अभिमान. पण हेन्री फ्रीमनही पाण्याला भीत नव्हता. जॅकेट घालून तो वाचला आणि नंतरही कित्येक वर्षं लोकांना वाचवत राहिला. वाचवणारा वाचला तरच पुढचे वाचतात.

आता पाण्यावरचं पर्यटनही दारात आलंय. 2021 मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. 2024 मध्ये साताऱ्यात कोयनेच्या जलाशयावर मुनावळ्याचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. उद्या आपली पोरं तिथे गाइड म्हणून कामाला लागतील. नियम कागदावर असतीलच, ते डोक्यावर चढवायचे कुणी?

इतिहास एवढंच सांगतो की जगात ही वस्तू प्रत्येक वेळी कुणीतरी गेल्यावर आली. व्हिटबीला 12 गेले, लॉरेन्स गेला. आपल्या तालुक्याने 17 माणसांची किंमत आधीच मोजलीये. पुन्हा मोजायची गरज नाही.

म्हणून आज एक काम देतो. पावसाळ्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत जा. सरपंचांना, ग्रामसेवकांना नीट विचारा, बोट कुठाय, तिच्यात किती माणसं बसतात, जॅकेट किती, हेल्मेट किती. नुसतं ऐकून येऊ नका, खोली उघडायला लावून मोजा. उंदरांनी कुरतडलेली वेगळी मोजा. तो आकडा गावाच्या ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तर मंडळी, डोकं सांभाळा. पगड्या पन्नास मिळतील. भेटू पुढच्या भागात.