चार मोकळ्या जागा

जुन्या वाण्याकडे शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी वजनं असत. प्रत्येक आधीच्याच्या निम्मं. या पाचांतून १ ते ३१ छटाकांपर्यंतचं कुठलंही माप जुळतं. शिवाय ११ छटाक म्हटलं, की पारड्यात अच्छेर, नवटाक आणि छटाकच असणार, दुसरी शक्यता नाही. संगणकातला बिटमास्क म्हणजे हाच हिशेब.

युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या पुस्तिकेत फाइलच्या परवानग्या अशाच एका आकड्यात बसवलेल्या आहेत. तेव्हा मेमरी महाग होती. ती स्वस्त झाल्यावरही ही रीत का टिकली, याचं एक उत्तर मला आयफोनमध्ये सापडलं.

आयफोनच्या प्रणालीचं मूळ असलेल्या नेक्स्टस्टेपमध्ये बटणाचं एकच लक्ष्य आणि एकच कृती असे. २००८मध्ये ॲपलने बाहेरच्या प्रोग्रामरांना आयफोनची दारं उघडली, तेव्हा प्रश्न बदलला होता. बोट टेकतं, घसरतं, बटणाबाहेर जातं, परत येतं, उचललं जातं. यातलं काय ऐकायचं, हे ऐकणाऱ्याला एकाच आकड्यात सांगता यायला हवं. म्हणून 'यूआयकंट्रोल'च्या घटनांना ३२ बिटांचा एनम मिळाला.

त्यातली वाटणी वाचण्यासारखी आहे. पहिले १२ बिट स्पर्शासाठी. त्यांतले ९च वापरले. बारावा, शून्यापासून मोजता, किंमत बदलल्याचा. १६ ते १९ मजकूर-संपादनाचे. शेवटचे चार प्रणालीने स्वतःकडे ठेवले. आणि २४ ते २७ हे चार ॲप लिहिणाऱ्यांसाठी राखले.

मी गोल फिरणारी चकती लिहितो, तेव्हा 'पकडली' आणि 'सोडली' या माझ्या घटना याच चारांत बसतात. इथे १, २, ३ असे सरळ क्रमांक देऊन भागत नाही: ३ म्हणजे १ आणि २ एकत्र, त्यामुळे तिसरी घटना पहिल्या दोघींच्या श्रोत्यांनाही जागं करते.

मधल्या रिकाम्या बिटांचा उपयोग पुढे झाला. तेरावा २०१५मध्ये भरला, चौदावा २०२०मध्ये. जुन्या ॲपांचे आकडे जागचे हलले नाहीत. ॲपलनेही आपली नवी घटना आपल्याच हद्दीत बसवली.

आपल्या चारांत मात्र असा रखवालदार नाही. दोन लायब्रऱ्यांनी चोविसावाच बिट उचलला, तर कंपायलर गप्प राहतो. तिथली शिस्त आपणच पाळायची: एका फाइलमध्ये नावं लिहून ठेवायची आणि शेजारी बसणाऱ्याला सांगायचं.