बोगद्याची दोन तोंडे

पाटोद्याहून मांजरसुंब्यामार्गे बीडला जाताना शहराच्या अलीकडे खजाना विहीर लागते. निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने ती बांधवली. तिचे पाणी भुयारी वाटांनी दूरच्या शेतांकडे जाई. मधल्या मार्गावर ते कोणाच्या दृष्टीस पडत नसे. आम्ही पाटोद्याचे, पोट मात्र संगणकावर भरतो. संगणकीय बोगद्यांचा इतिहास चाळताना आम्हांला ही विहीर हटकून आठवते.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द चोरून टिपत असल्याचे उघडकीस आले. त्या काळी हे शब्द बहुधा उघडेच जात. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी उपाय म्हणून एसएसएच लिहिले व त्याच वर्षी सर्वांस खुले केले. दोन टोकांमधला मजकूर सांकेतिक झाला. शिवाय इतर कामांची वाहतूकही त्याच आडोशाने नेता येऊ लागली. भिंतीआडच्या डेटाबेसपर्यंत नेणारा बोगदा तो हाच.

२०१३ मध्ये डॉकर आले आणि आज्ञावली कंटेनरमध्ये राहू लागल्या. तेव्हा एका जुन्या शब्दाचा अर्थ पालटला. 'लोकलहोस्ट' म्हणजे आपले घर; पण कंटेनरमधल्या आज्ञावलीचे घर म्हणजे तो कंटेनरच. यजमान यंत्राने स्वतःच्या घरात उघडलेले बोगद्याचे तोंड तिला सापडत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आमच्या गावकऱ्यास 'घरी कोण आहे?' असे विचारले, तर त्याने कोपीतली माणसे सांगावीत की गावातली? म्हणून बोगद्यासाठी निराळा कंटेनर ठेवून दोघांना एकाच खासगी जाळ्यात जोडण्याची रीत पडली.

याच घाईत आम्ही एकदा बोगद्याची खासगी किल्ली कंटेनरच्या साच्यातच बांधून टाकली. चूक ध्यानात येताच पुढच्या थरात ती पुसली. पण साच्याचे खालचे थर तसेच राहतात, आणि साचा तोवर अनेकांच्या हाती गेला होता. पलीकडे हजारो माणसांच्या खात्यांच्या नोंदी होत्या. बोगद्याची भिंत शाबूत होती. ती फोडण्याची कोणास गरजच उरली नव्हती. ती किल्ली आम्ही त्याच रात्री बाद केली. आता नवी किल्ली साच्यात जात नाही. कंटेनर चालू होताना बाहेरून दिली जाते.

हेलसिंकीत चोर वाटेवर होता, म्हणून वाट झाकली गेली. तोंडाची राखण मात्र बोगदा करीत नाही. ती आपल्यालाच करावी लागते.