विद्युत् तारजोडणी, घरातील

विद्युत् पुरवठ्याच्या मीटरपासून घरातील दिवे, पंखे व इतर उपकरणे यांच्यापर्यंत वीज नेणाऱ्या तारा, स्विच, वितळतारा व जोडण्या यांच्या समग्र व्यवस्थेस घरातील विद्युत् तारजोडणी असे म्हणतात. व्यवहारात ती ‘वायरिंग’ या नावाने ओळखली जाते. दिवा, चूल किंवा नळ यांतील बिघाड डोळ्यांना, नाकाला किंवा हाताला लगेच जाणवतो. तारजोडणीतील दोष मात्र भिंतीत, छतात किंवा निरोधक वेष्टनाखाली दडलेला असतो आणि पुष्कळदा तो आगीच्या किंवा धक्क्याच्या रूपानेच प्रथम प्रकट होतो. या अदृश्य धोक्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचाच इतिहास म्हणजे मुख्यतः घरातील तारजोडणीचा इतिहास होय.

आरंभीचा काळ : विजेचा पहिला दिवा म्हणजे प्रज्योत दिवा. त्याचा प्रकाश अतिशय प्रखर असल्याने तो रस्ते, गोद्या व कारखाने यांना योग्य होता. राहत्या खोलीस नव्हे. घरात वीज आली ती तापदीप्त दिव्यामुळे. जोसेफ स्वॉन (इंग्लंड) व टॉमस एडिसन (अमेरिका) यांनी १८७८–८० या काळात कार्बन तंतूचे व्यवहारोपयोगी दिवे तयार केले. इंग्लंडमधील नॉर्थंबर्लंड परगण्यात विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या क्रॅगसाइड या घरी १८८० मध्ये स्वॉन यांचे दिवे लावण्यात आले. त्यांना लागणारी वीज घराजवळच्या जलाशयाच्या पाण्यावर निर्माण केली जाई. तेथील काही दिव्यांना स्विचच नव्हते. दिव्याखालील तांब्याचे पात्र पाऱ्याच्या उथळ साठ्यात ठेवले की मंडल पूर्ण होई व ते उचलले की दिवा विझे.

न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट येथील एडिसन यांचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले व घरोघरी वीज विकण्याच्या धंद्याला आरंभ झाला. तारा ओढण्याचे काम त्या वेळी घंटा व तारायंत्र यांच्या तारा बसविणारे कारागीर करीत. त्या कामातील प्रवाह अत्यल्प असल्याने कापड व मेण यांचे वेष्टन त्यांस पुरेसे होई. दिव्यांच्या प्रवाहाला मात्र ते पुरेसे नव्हते. विल्यम व्हँडरबिल्ट यांच्या न्यूयॉर्कमधील घरी दिव्यांची चाचणी चालू असता भिंतीवरील आच्छादनातील धातूच्या बारीक तंतूंशी विजेच्या तारांचा संपर्क झाला व आच्छादन धुमसू लागले, अशी आठवण एडिसन यांनी पुढे नमूद केली आहे. त्या घरातील वीजव्यवस्था नंतर काढून टाकण्यात आली.

नियमांचा उगम : आगीच्या धोक्याची सर्वांत आधी दखल घेतली ती विमा व्यवसायाने. लंडनमधील फीनिक्स या आगविमा कंपनीसाठी मस्ग्रेव्ह हीफी यांनी १८८२ मध्ये विद्युत् दिव्यांच्या मांडणीचे नियम तयार केले. त्याच वर्षी जून महिन्यात ब्रिटनमधील तारायंत्र व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने आगीच्या प्रतिबंधाविषयीचे आपले नियम प्रसिद्ध केले. ते अवघ्या चार पानांचे होते. विजेच्या नव्या उपयोगातील मुख्य धोके काम करणाऱ्याच्या अज्ञानातून व अननुभवातून उद्भवतात, तिचे दोष बहुधा आतले व अदृश्य असतात, ते केवळ चाचणीनेच कळू शकतात आणि म्हणून कुशल व अनुभवी विजतंत्र्याची नेमणूक हाच सुरक्षिततेचा मुख्य आधार आहे, असे त्यांचे सार सांगता येईल. याच नियमांच्या पुढील आवृत्त्यांतून ब्रिटनची आजची तारजोडणी नियमावली विकसित झाली आहे.

अमेरिकेतही हेच घडले. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातील विद्युत् व्यवस्था तपासण्याचे काम विल्यम मेरिल यांच्याकडे होते. या अनुभवातून १८९४ मध्ये विमा कंपन्यांच्या साहाय्याने विद्युत् साहित्याची चाचणी करणारी प्रयोगशाळा निघाली आणि १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत् संहितेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

तारजोडणीच्या पद्धती : प्रत्येक नवी पद्धत ही आधीच्या पद्धतीतील एखाद्या दोषावरील उपाय म्हणून आली, असे दिसते. आरंभी तारा चिनी मातीच्या खुंट्यांवर ताणून व तुळयांतून चिनी मातीच्या नळ्या घालून नेत. यात दोन तारा एकमेकींपासून दूर राहत. पण त्या उघड्यावर असल्याने त्यांना इजा पोहोचे. ब्रिटनमध्ये व त्याच्या अनुकरणाने भारतात खोबणी असलेल्या लाकडी पट्टीत तारा बसवून वर झाकणपट्टी ठोकण्याची पद्धत रूढ झाली. तिलाच ‘केसिंग-केपिंग’ म्हणतात. ती दिसावयास नीटनेटकी होती. तथापि ओल धरणारे लाकूड व गंधकप्रक्रिया केलेल्या रबराचे वेष्टन यांचा संयोग आर्द्र हवेत तितकासा सुरक्षित नव्हता. पुढे चिवट रबराच्या आवरणाच्या तारा सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवू लागले. ही ‘बॅटन’ पद्धत भारतातील जुन्या चाळींत व वाड्यांत अजूनही आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर रबराची जागा पीव्हीसी या प्लॅस्टिकने घेतली आणि स्लॅबच्या इमारतींबरोबर भिंतीत पुरलेल्या नळीतून तारा ओढण्याची पद्धत सर्वत्र पसरली. तीमुळे तारांना उत्तम संरक्षण लाभले. पण त्या दृष्टीआड झाल्याने चाचणीचे व घराचा तारजोडणी-नकाशा जपून ठेवण्याचे महत्त्व वाढले.

संरक्षण साधने : स्विच बंद करताना त्याच्या दोन टोकांमध्ये ठिणगी निर्माण होऊन ती टिकून राहिल्यास टोके जळतात. न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये स्प्रिंगच्या साहाय्याने झटकन उघडणारा स्विच तयार करून हा दोष दूर केला. तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेल्यास स्वतः वितळून मंडल तोडणारी वितळतार ही प्रारंभापासूनच वापरात होती. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वितळलेल्या तारेच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळण्याची सवय घातक ठरते ती यामुळेच. अशा वेळी भिंतीतील तारच वितळतारेचे काम करू लागते. जर्मनीतील हूगो श्टोट्स यांच्या कारखान्यात १९२४ च्या सुमारास तयार झालेल्या लहान स्वयंचलित मंडल खंडकाने (एमसीबी) ही सवय पुष्कळ अंशी निरुपयोगी केली.

वितळतार घर वाचविते, माणसाला नव्हे. पाच अँपिअरची वितळतार वितळण्यास जो प्रवाह लागतो, त्याच्या सुमारे शतांश प्रवाहही शरीरातून गेल्यास प्राणघातक ठरू शकतो. या धोक्यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला, उपकरणाचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडणे (अर्थिंग) हा होय. तीन पिनांच्या प्लगातील जमिनीशी जोडलेली पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते. त्यामुळे प्लग बसविताना जमिनीशी संपर्क प्रथम होतो व काढताना सर्वांत शेवटी तुटतो. दुसरा उपाय म्हणजे जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील सूक्ष्म फरक ओळखून पुरवठा तोडणारे साधन. अमेरिकेतील चार्ल्स डॅलझील यांनी मानवी शरीरावरील विजेच्या परिणामांच्या अभ्यासातून १९६१ मध्ये सहस्रांश अँपिअरच्या गळतीवर चालणारे असे साधन तयार केले. भारतात घरांसाठी सामान्यतः ३० सहस्रांश अँपिअरला तुटणारे साधन वापरतात. गळतीरोधक साधनाची सक्ती भारतीय नियमांत प्रथम आली, तेव्हा पाच किलोवॉटांहून कमी भाराच्या जोडण्या तीतून वगळलेल्या होत्या. परिणामी बहुसंख्य लहान घरे या संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली.

प्रकाशयोजना : तेलाचा किंवा वायूचा दिवा जेथे ठेवता येईल तेथे प्रकाश मिळे, विजेने प्रथमच प्रकाशाची जागा मनाप्रमाणे ठरविण्याची मुभा दिली. श्रीमती जे. ई. एच्. गॉर्डन यांच्या ‘डेकोरेटिव्ह इलेक्ट्रिसिटी’ (१८९१) या ग्रंथात घरातील विद्युत् दिव्यांच्या मांडणीचे विवेचन असून आगीच्या धोक्यांवरील प्रकरण त्यांच्या अभियंता पतीने लिहिले आहे. प्रकाशाची मांडणी व तारांची सुरक्षितता हे विषय प्रारंभापासून एकत्र विचारात घेतले जात होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

भारतात तारजोडणीचा खर्च बहुधा ‘पॉइंट’ या एककाने मोजला जातो. काटकसरीने पॉइंट कमी ठेवले, तर पुढे एकाच प्लगावर अनेक उपकरणे जोडली जातात व जमिनीवरून सुट्या तारा लोंबकळू लागतात. यासाठी भिंती गिलावा होण्यापूर्वीच दिवा, ओटा, पलंग, अभ्यासाचे टेबल यांच्या जागा नकाशावर निश्चित करणे श्रेयस्कर असते. ओट्यावरील दिवा काम करणाऱ्याच्या पाठीमागे असल्यास त्याची सावली कामावरच पडते. जिन्यात खाली व वर अशा दोन्ही ठिकाणांहून चालणारे स्विच आवश्यक असतात. भारतीय मानकानुसार दिव्यांच्या एका उपमंडलावर दहापेक्षा अधिक पॉइंट वा ८०० वॉटपेक्षा अधिक भार नसावा. २३० व्होल्ट दाबास हा भार सु. साडेतीन अँपिअर होतो. अनुस्फुरित नलिका व २०१५ पासून शासकीय योजनेतून स्वस्तात उपलब्ध झालेले एलईडी दिवे यांमुळे प्रकाशाचा भार बराच घटला आहे. पूर्वी ६० वॉटच्या दिव्याने जेवढा प्रकाश मिळे, तेवढा आता सु. नऊ वॉटमध्ये मिळतो. मात्र पाणी तापविण्याची साधने, इस्त्री व वातानुकूलन यंत्रे यांनी जुन्या तारांवरील एकूण ताण वाढविला आहे.

भारतातील विकास : मुंबईत विजेचे दिवे प्रथम १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये दिसले. तथापि ते पुरविणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा वायूचे दिवे आले. दार्जिलिंगजवळ सिद्रापाँग येथील जलविद्युत् केंद्र १८९७ मध्ये, तर कलकत्त्यातील सार्वजनिक वीजपुरवठा १८९९ मध्ये सुरू झाला. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीचे वाडीबंदर येथील वीजकेंद्र १९०५ मध्ये चालू झाले आणि १९१५ मध्ये खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रातून शहराला वीज मिळू लागली. ग्रामीण महाराष्ट्रात घरगुती वीज मुख्यतः १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या काळात पोहोचली. तांब्याच्या टंचाईमुळे या काळात ॲल्युमिनियमच्या तारांचा वापर वाढला. हा धातू मऊ असल्याने व त्यावर रोधक ऑक्साइडाचा थर साचत असल्याने स्क्रूखालील जोड कालांतराने सैल होऊन तापतात. त्यामुळे घरातील जोडणीसाठी पुढे पुन्हा तांबेच पसंत केले जाऊ लागले.

तारतंत्री व परवाना : भारतातील वीजविषयक कायदे १९०३ व १९१० मध्ये झाले. ‘भारतीय विद्युत् नियम, १९५६’ मधील ४५ व्या नियमाने घरातील तारजोडणीचे काम परवानाधारक विद्युत् ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे, असे बंधन घातले. दिवे, पंखे, वितळतारा व स्विच बदलण्यासारखी, जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी कामे त्यातून वगळली होती. ‘विद्युत् अधिनियम, २००३’ खाली केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१० व २०२३ मध्ये केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही हे तत्त्व कायम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून ‘विजतंत्री’ व ‘तारतंत्री’ हे दोन व्यवसाय शिकविले जातात.

परवाना हा कामाच्या सफाईचा दाखला नसून उत्तरदायित्वाची खूण आहे. तारजोडणी पूर्ण झाल्यावर निरोधनाचा रोध, फेज व न्यूट्रल यांची योग्य बाजू आणि जमिनीशी जोडणी यांची चाचणी घेऊन तिचा सही केलेला अहवाल द्यावयाचा असतो. भारतीय मानकानुसार मंडलातील पॉइंटांच्या संख्येने ५० ला भागून येणाऱ्या मेगओहमपेक्षा निरोधनाचा रोध कमी नसावा. भिंतीत काय दडले आहे हे घरमालकास पाहता येत नसल्याने हा अहवाल हाच त्याच्या हाती राहणारा एकमेव पुरावा असतो. प्रत्यक्षात मात्र लहान कामे पुष्कळदा बिनपरवाना कारागिरांकडून, अहवालाविना करून घेतली जातात आणि काही प्रसंगी ठेकेदाराची सही केवळ कागदापुरती असते. याची किंमत कमी मजुरीवर हे काम करणारा कारागीर व त्या घरात राहणारे कुटुंब यांना मोजावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील वार्षिक अहवालांनुसार भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत घराबाहेरील अपघातही समाविष्ट आहेत. तारा, स्विच व संरक्षण साधने यांत गेल्या १४० वर्षांत आमूलाग्र बदल झाला. परंतु दोष अदृश्य असतो व तो जाणकाराच्या चाचणीनेच कळतो, हे १८८२ च्या चार पानी नियमांतील मूलतत्त्व आजही तितकेच लागू आहे.