पाऊस कुठला मोजायचा?

३ जून २०२४ ची सकाळ. आदल्या दिवशी, रविवारी, बंगळुरूत १११.१ मिलिमीटर पाऊस झाला होता. जून महिन्यात एका दिवसात एवढा पाऊस या शहरानं १३३ वर्षांत पाहिला नव्हता. पीटीला निघालो तेव्हा रस्त्यावर गुलमोहराच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या, गटारं तुडुंब होती, आणि आमच्या मेससमोरच्या हिरवळीवर सहाच्या सहा तुषार नळ ऐटीत गोल फिरत पाणी उडवत होते.

कुंपणाबाहेर एक निवृत्त कर्नल साहेब रोज फिरायला येतात. ते थांबून पाहत होते. काही बोलले नाहीत, मोबाइल काढून फोटो घेतला एवढंच. माझ्या शेजारी सुभेदार साहेब उभे होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे, गाव माण तालुक्यातलं. ते म्हणाले, "साहेब, आमच्या गावाकडं पावसात पाणी घालणाऱ्याला येडा म्हणतात."

गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तीनच महिन्यांपूर्वी, महाशिवरात्रीच्या सुमारास, शहराच्या पाणीपुरवठा मंडळाचा हुकूम निघाला होता. बागेला, गाड्या धुवायला, बांधकामाला, शोभेच्या कारंज्यांना पिण्याचं पाणी वापरलं तर ५००० रुपये दंड, आणि पुन्हा सापडलात तर वर रोजचे ५०० रुपये. लोक टँकरच्या मागे धावत होते. अशा शहरात लष्कराच्या आवारात भर पावसानंतर हिरवळ भिजवली जातेय, हा फोटो कुठं जाईल सांगता येत नाही. आम्ही वापरत होतो ते आवारातलं सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी होतं, पण फोटोत ते दिसत नाही. बागेचा ताबा माझ्याकडे होता, त्यामुळे कमांडंट साहेबांसमोर उत्तरही मलाच द्यायचं होतं.

आणखी एक गोष्ट होती. त्याच यंत्राच्या एका भागावर ठिबकची नळी होती, आणि त्या नळीवर अठरा रोपं. नोव्हेंबरमध्ये वीरनारींनी आणि शहिदांच्या आईवडिलांनी येऊन ती लावली होती. मे महिन्यात त्यातली तीन गेली. ती का गेली हे मला ठाऊक होतं, कारण ती चूक माझी होती.

आता यंत्राबद्दल. 'स्मार्ट कंट्रोलर' म्हणजे भिंतीवरचा एक डबा. त्यातून २४ व्होल्टची वीज जमिनीतल्या झडपांना जाते आणि ठरल्या वेळी झडपा उघडतात. इथवर साध्या टायमरचं काम. हुशारी पुढं आहे. हा डबा इंटरनेटवरून हवामान वाचतो आणि पाऊस दिसला की पाणी थांबवतो. शिवाय त्याला एक पाऊस-सेन्सर जोडता येतो. त्यात बिस्किटासारख्या चकत्या असतात. पावसानं त्या फुगल्या की बटण दाबलं जातं आणि झडपांचं सर्किट तुटतं. वाळल्या की सर्किट परत जुळतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूत पाऊसच पडला नाही. एरवी वळवाच्या दोनचार सरी तरी येतात. मेच्या सुरुवातीला पहिला पाऊस आला, पण बंगळुरूचा वळीव तुकड्यातुकड्यांत पडतो. येलहंक्यात धो धो, आणि दहा किलोमीटरवर धूळसुद्धा बसत नाही. यंत्रानं शहरात कुठं तरी पाऊस झाल्याचं वाचलं आणि आमचं पाणी दोन दिवस बंद केलं. मग पुढच्या पावसाचा अंदाज वाचून आणखी दोन दिवस. आमच्याकडे चार थेंब पडले होते. मी बाहेर ड्यूटीवर होतो, मोबाइलवर 'पाऊस: पाणी देणं स्थगित' असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं, आणि मी ते खरं धरून चाललो. परतल्यावर रोपांची अवस्था पाहिली आणि रागानं इंटरनेटचं हवामानच बंद करून टाकलं. म्हटलं, आता आपल्या छतावरचा सेन्सर सांगेल तेच खरं.

३ जूनला तो सेन्सर गप्प का बसला?

नाश्त्यानंतर सुभेदार साहेब आणि मी मल्टीमीटर घेऊन बसलो. पहिला दोष डोळ्यांनीच सापडला: सेन्सर पोर्चच्या पत्र्याखाली बसवला होता. बहुधा पावसापासून जपायला! तो खाली घेऊन चकत्या बोटानं दाबल्या. सर्किट तुटायला हवं होतं, झडपेला वीज जातच राहिली. मग सेन्सरची एक तार पूर्ण सोडली, तरीही झडप चालू. म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेनं जात होती. डब्याचं झाकण काढलं तर सेन्सरच्या दोन स्क्रूंमध्ये तांब्याचा छोटा तुकडा. हे डबे कारखान्यातून येतात तेव्हा सेन्सर नसला तरी चालावेत म्हणून तिथं तार टाकलेली असते. सेन्सर जोडताना ती काढायची असते. बसवणाऱ्यानं काढली नव्हती आणि ताबा घेताना मी पाहिली नव्हती. वर्षभर सेन्सर नुसता शोभेला होता.

तार काढली, सेन्सर उघड्यावर नेला, दहा मिनिटांचं काम. पण सुभेदार साहेबांनी स्क्रू आवळताना एक प्रश्न विचारला आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. "साहेब, इथं पाऊस पडला म्हणून बंदी उठली का?"

नव्हती उठली. १११ मिलिमीटर पाऊस हिरवळीवर पडून गेला तरी शहराच्या नळाला त्याचा काही उपयोग नव्हता. ही काय भानगड आहे हे समजून घ्यायला मी पुढचे काही रविवार या शहराच्या जुन्या पाण्याच्या मागे घालवले.

बंगळुरूला नदी नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच पठाराच्या कण्यावर बसलंय, पडेल ते पाणी तिन्ही बाजूंच्या खोऱ्यांत निघून जातं. म्हणून १५३७ मध्ये केंपेगौडानं गाव वसवलं तेव्हापासून इथले लोक तळी बांधत आले. एक तळं भरलं की सांडव्याचं पाणी राजकालुव्यानं, म्हणजे ओढ्यासारख्या कालव्यानं, खालच्या तळ्यात. ते भरलं की त्याच्या खालच्या. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथं आले आणि ही जहागीर त्यांना मिळाली, तेव्हाचं बंगळुरू हे या तळ्यांचं गाव होतं. १६८७ मध्ये ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेलं, म्हणजे मधली जवळजवळ पन्नास वर्षं आपली माणसं याच तळ्यांचं पाणी पीत होती.

तळ्याच्या पाण्यावर कानडी मुलखात 'नीरगंटी' नावाचा गावकामगार असे. तूब, म्हणजे तळ्याचं दार, कधी आणि किती उघडायचं, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे तो ठरवी. तो आकाशाकडे पाहून दार उघडत नसे, तळ्याकडे पाहून उघडे. पाणी खाली गेलं की पाळ्या कमी, रब्बीचं क्षेत्र कमी. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती, तीही याच जातीची. पाणी वाटणारा पाटकरी, पीक राखणारा जागल्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारा... हवालदार. पलटणीतल्या हवालदारांनी ही थोरवी जरूर मिरवावी.

याच भागात १८८४ मध्ये एक तरुण असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाला. जन्म बंगळुरूजवळच्या मुद्देनहळ्ळीचा, शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. एनडीएत तीन वर्षं काढलेल्या प्रत्येकाचा या माणसाशी नकळत संबंध आलेला आहे. खडकवासल्याच्या ज्या जलाशयात आम्ही नौका वल्हवायला शिकलो (आणि उलटवायलाही), त्याच्या सांडव्यावर त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. वीज नाही, मोटर नाही, माणूस नाही. पाणी ठरल्या पातळीला आलं की वजनांचा तोल बदलून दरवाजे आपोआप उघडत, पातळी उतरली की आपोआप बंद होत. भिंत न वाढवता धरणात जास्त पाणी मावू लागलं. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही तेच तत्त्व वापरलं गेलं. मी कॅडेट असताना त्या पाण्यावर शेकडो तास काढले आणि एकदाही कुणाला याबद्दल विचारलं नाही. आमचं लक्ष शिक्षेच्या फेऱ्या मोजण्यात असे.

तो दरवाजा एकच गोष्ट पाही: ज्या पाण्यावर त्याचा अधिकार आहे त्या पाण्याची पातळी. नीरगंटीही तेच पाही. आमचा डबा मात्र हिरवळीवरचं आकाश पाहत होता, आणि बंदी लागली होती ती भलत्याच ठिकाणच्या पाण्यामुळे.

हे पाणी दूर कसं गेलं, तेही सांगतो. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानं तळी कोरडी पडली. त्या अनुभवानंतर १८८२ मध्ये आपल्याच पेशातल्या कर्नल रिचर्ड सँकी यांनी एक तळं बांधलं. त्यांच्या नावाचं ते तळं आजही आहे, सकाळी लोक त्याच्याभोवती पळतात. तेवढ्यानं भागलं नाही. १८९० च्या दशकात दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात अर्कावती नदीवर हेसरघट्टाची योजना झाली आणि गावात नळ आले. नळ आला की तळ्याची गरज वाटेनाशी होते. हेसरघट्टा अपुरं पडलं म्हणून १९३३ मध्ये टिप्पगोंडनहळ्ळीचं धरण, ते अपुरं पडलं म्हणून १९७४ पासून कावेरी. दरम्यान धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक उभं राहिलं, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम. आज तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, तीन टप्प्यांत पंप करून, जवळजवळ अर्धा किलोमीटर वर चढवून पाणी शहरात येतं. नळातल्या प्रत्येक बादलीमागे किती वीज जळते याचा विचार केला की हिरवळीवरच्या कारंज्याकडे बघवत नाही.

म्हणजे बंगळुरूचा पाऊस आता बंगळुरूत पडतच नाही, कोडगूत पडतो. २०२३ चा मान्सून तिथं हुकला, कृष्णराजसागर त्या वर्षी भरलं नाही, कर्नाटकातल्या दोनशेच्या वर तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि त्याचा दंड मार्च २०२४ मध्ये इथल्या गुलाबाच्या वाफ्यांना बसला. इथं पडलेला १११ मिलिमीटर पाऊस मात्र राजकालुव्यांतून, जिथं ते उरलेत तिथून, वाहून गेला.

सुभेदार साहेबांना यातलं काही नवीन वाटलं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्या वाडीवर टँकर येत होता. माणमध्ये दुष्काळ असताना कोयनेला धो धो पडलं तर काय उपयोग, हे त्यांना शाळेत शिकावं लागलं नव्हतं.

मग आम्ही डब्याची जोडणी बदलली. बाजारातून साधा फ्लोट स्विच आणला, घरच्या टाकीला असतो तसला. शुद्ध केलेलं सांडपाणी ज्या संपमध्ये साठतं, त्यात सुभेदार साहेबांनी दोन रेषा रंगवल्या, वर पांढरी, खाली लाल. फ्लोट पांढऱ्या रेषेवर बांधला आणि त्याची तार पाऊस-सेन्सरच्या तारेशी एकापुढे एक जोडली. आता हिरवळीला पाणी मिळायला दोन अटी: चकत्या कोरड्या हव्यात, आणि संपमध्ये पाणी पांढऱ्या रेषेच्या वर हवं. ठिबकची झडप आम्ही डब्यातून पूर्ण काढून घेतली. लाल रेषेपर्यंतचं पाणी रोपांचं, आणि ते हातानं नळ उघडून द्यायचं. माळी सकाळी मातीत बोट घालून पाहतो आणि ठरवतो. पिण्याच्या पाण्याची नळी बागेकडे येत होती, ती कापून टोपण बसवलं. एक कनिष्ठ अधिकारी म्हणाला की सर, हे थोडं मागं गेल्यासारखं नाही का. असेल. मी मागं जायला तयार होतो.

कृष्णराजसागराची पातळी डब्याला जोडता येत नाही. त्यासाठी सुभेदार साहेबांनी वर्तमानपत्र वापरलं. म्हैसूर भागात धरणाची पातळी रोज छापून येते. ते ती मेसच्या मागच्या फळ्यावर, रेशन स्ट्रेंथच्या खाली, खडूनं लिहू लागले. जुलैत आकडा भराभर चढला आणि धरण भरलं, त्या दिवशी त्यांनी फळ्यावर आकड्याभोवती चौकट काढली. ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये पिण्याच्या पाण्यावरची तीच बंदी, त्याच दंडासकट, पुन्हा आली. आम्हाला त्या वेळी काहीच बदलावं लागलं नाही, फक्त मार्चमध्ये हिरवळ पिवळी पडली आणि एका पार्टीच्या आधी मला त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं.

गेलेल्या तीन रोपांच्या जागी जुलैतच नवी लावली. त्यातलं एक ज्यांनी लावलं होतं त्या माउलीला मीच फोन केला, कारण ते दुसऱ्या कुणी सांगणं बरं दिसलं नसतं. त्यांनी विचारलं, "पाणी नव्हतं का हो साहेब?" पाणी होतं, असं मला सांगावं लागलं.

पोस्टिंग संपताना हँडिंग-ओव्हरच्या कागदांत डब्याच्या जोडणीचं चित्र काढून लावलं, तांब्याचा तो तुकडाही एका पाकिटात घालून टाचला. कर्नल साहेब आता कुंपणाबाहेरून हात करतात. त्या फोटोचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. ताबा घेणाऱ्या मेजरनं फळ्यासमोर उभं राहून विचारलं की सर, रेशनच्या खाली हे १२४.८० फूट काय लिहिलंय. सुभेदार साहेबांनी खुर्ची ओढली आणि त्याला बसायला सांगितलं. मी सही करायला ऑफिसकडे निघालो.