रस्त्यावर धावणारा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरखान्यातील रुमाल आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांच्यापर्यंत संशोधकाला जावे लागते. परंतु एक साधन असे आहे की, ते आपण होऊन समोर येते, क्षणभर दिसते आणि धूळ उडवीत निघून जाते. ते साधन म्हणजे जुनी मोटार. संग्रहालयात पुसून ठेवलेली नव्हे, तर बाजाराला वा लग्नाला निघालेली, नित्याच्या वापरातील मोटार.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात हे साधन विशेष बोलके ठरते. वैनगंगेकाठचा हा जिल्हा १८६७ साली निर्माण झाला. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे येथील माणसाची कचेरी, कॉलेज आणि मोठी बाजारपेठ त्याच दिशेला होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिले. शेजारचे गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. ते पलीकडे गेले. सोयरिकी राहिल्या, मराठी बोलणारी घरे राहिली. मध्ये राज्याची सरहद्द तेवढी आली.

हा सारा वृत्तान्त मोटारीच्या पाटीवर उतरला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक प्रांताला अक्षरे नेमून दिली, त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाड यांना ‘सीपी’ ही अक्षरे मिळाली. १९८८ चा कायदा पुढील वर्षी अंमलात आला आणि आजची पद्धती सुरू झाली. तीनुसार बालाघाटची वाहने ‘एमपी ५०’ आणि गोंदियाची वाहने ‘एमएच ३५’ म्हणून ओळखली जातात. राज्याचे नाव बदलले तरी जुन्या वाहनाचा क्रमांक सहसा तोच राहतो. म्हणून नव्या पाट्यांच्या गर्दीत एखादी जुनी पाटी दिसली, तर ती हरवलेल्या प्रांताची साक्ष देते.

पाटीनंतर अंगलट पाहावी. भरवेली आणि उकवा येथील मँगनीजच्या खाणी व बैहरकडील जंगल यांमुळे या भागात जीप हे मोठ्या उपयोगाचे वाहन होते. दुसऱ्या महायुद्धातील जीपचे सुकाणू डाव्या बाजूस असे आणि तिच्या पुढील जाळीत नऊ फटी असत. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये त्या सात झाल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत दीर्घकाळ बांधलेली जीप तिच्या उंच बॉनेटवरून ओळखू येते. १९५७ साली आलेली अँबॅसडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बांधली. तिच्या आरंभीच्या गोल पाठीच्या अकराशे प्रतिमानाला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. तिचे पुढचे दार समोरच्या अंगाने उघडत असे.

या मोटारी इतकी वर्षे टिकल्या त्याचे कारण केवळ त्यांची मजबुती नव्हे. शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स आणि मुंबईतच काम करणारी फोर्ड, या दोन्ही कंपन्यांनी टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर आपला गाशा गुंडाळला. आयातीवर निर्बंध आले. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मारुतीची पहिली मोटार १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, तोपर्यंत जुनी मोटार टाकून देणे परवडणारे नव्हते. क्यूबातील हवाना शहरात १९५९ च्या क्रांतीपूर्वीच्या अमेरिकन मोटारी आजही धावतात, त्याचेही कारण हेच. टंचाईनेच तेथे मिस्त्री घडविले आणि मिस्त्रींनी मोटारी जगविल्या.

आपल्याकडेही तसेच घडले. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा अँबॅसडरमध्ये दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसविण्यात आले. मूळ दिवा मिळेना, तेव्हा दुसराच जोडण्यात आला. बखरीत ज्याप्रमाणे मागाहून मजकूर घातला जातो, त्याप्रमाणे हे प्रक्षेप होत. जाणता संशोधक प्रक्षेप फाडून टाकत नाही. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घातला, हे विचारतो. एका खुणेवर भिस्त न ठेवता पाटी, सांगाडा, इंजिन आणि नोंदणीपुस्तक यांचा मेळ घालतो.

येथेच आजचा खरा प्रश्न उभा राहतो. २०२१ साली केंद्र सरकारने ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळू शकते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अशा वाहनाचा सांगाडा, अंग आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते, आणि ते नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे श्रीमंताच्या दिवाणखान्यातील अस्पर्श मोटार मान पावते; तीन पिढ्यांनी वापरलेली, इंजिन बदललेली, गावच्या मिस्त्रीने जगविलेली मोटार मात्र त्या व्याख्येबाहेर राहते. तिला उरते ती भंगाराची वाट. वास्तविक पाहता सामान्य माणसाचा इतिहास पहिलीपेक्षा दुसरीत अधिक आहे.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीकडे पाहावे. टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तेथील अखेरच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वाटचाल थांबली. त्या वेळी शहर हळहळले, कारण ती महानगराची खूण होती. बालाघाट–गोंदिया रस्त्यावरील शेवटची डुक्कर फियाट वा नऊ फटींची जीप कोणत्या दिवशी थांबली, याची नोंद कोण ठेवणार?

ती नोंद ठेवण्यास फार विद्वत्ता लागत नाही. एक वही पुरे. दिसलेल्या मोटारीचे वर्ष, बांधणी, बदललेले भाग आणि मालकाने संमती दिल्यास त्याच्या तोंडची हकीकत, एवढे टिपले तरी पुष्कळ होईल. घरातील जुने नोंदणीपुस्तक रद्दीत न देणे, हीदेखील इतिहासाची सेवाच आहे. धातू आज ना उद्या गंजेल आणि भंगारवाला त्याचा तोल करील. त्या धातूवर माणसांनी कोरलेली वर्षे मात्र कागदावर उतरली, तर ती मागे राहतील.